शिशाने वसवलेले, गाळाने थांबवलेले शहर

अमेरिकेतले इलिनॉय राज्य म्हटले की नजर पोहोचेल तिथपर्यंत मका आणि सोयाबीनची सपाट शेते. राज्याच्या वायव्य टोकाला मात्र जमीन अचानक उंचसखल होते. खोल दऱ्या आणि चुनखडीचे उभे कडे दिसू लागतात. याच डोंगरउतारावर गॅलेना हे सव्वातीन हजार वस्तीचे शहर आहे.

या चढउतारांचे कारण हिमयुगात सापडते. उत्तरेकडून आलेल्या हिमस्तरांनी इलिनॉयचा बहुतेक भाग घासून सपाट केला आणि वर गाळाचा जाड थर पसरला. हा कोपरा तेवढा सुटला. उत्तरेचा कठीण खडकाचा उंच प्रदेश आणि सुपीरिअर व मिशिगन सरोवरांची खोल खोरी यांनी बर्फाला दोन्ही बाजूंना वळवले. त्यामुळे इथला जुना खडक, आणि त्यातले खनिज, उघडे राहिले.

सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात तयार झालेला हा खडक. पुढे, साधारण २७ कोटी वर्षांपूर्वी, जमिनीखालून सरकणारे गरम, खारट पाणी त्याच्या भेगांत शिरले. त्या पाण्यातले शिसे आणि गंधक एकत्र येऊन चकाकत्या करड्या घनाकृती स्फटिकांच्या रूपात साचले. हेच गॅलेना खनिज. शहराला नाव त्याचेच. वजनाने त्यात ८६ टक्क्यांहून अधिक शिसे असते. ते वितळवायला लाकडाची भट्टी पुरे.

मेस्क्वाकी आणि सौक हे मूळ रहिवासी ते पूर्वीपासून खणत होते आणि त्यात स्त्रियांचा वाटा मोठा होता. १८२०च्या दशकात गोऱ्या खाणकामगारांची रीघ लागली आणि मूळ रहिवाशांना आपली भूमी गमवावी लागली. बंदुकीच्या गोळ्या, रंग, नळ आणि छपाईचे खिळे या सगळ्यांसाठी देशाला शिसे हवे होते. १८४५च्या सुमारास अमेरिकेतले बहुतांश शिसे याच परिसरातून येई. मिसिसिपीपासून जेमतेम पाच किलोमीटर आत, उपनदीवर वसलेल्या गॅलेनाच्या धक्क्याला वाफेची जहाजे लागत. शतकाच्या मध्यावर वस्ती आजच्याहून बरीच जास्त होती.

उतरती कळा लागण्याची कारणे अनेक. वरचे सोपे खनिज संपले, १८४९ मध्ये सोन्याच्या ओढीने खाणकामगार कॅलिफोर्नियाला गेले आणि १८५०च्या दशकात रेल्वेने नदीची मालवाहतूक खेचून नेली. पण नदीचा ऱ्हास गावकऱ्यांच्या हातूनच झाला. भट्ट्यांना आणि जहाजांना सरपण हवे म्हणून डोंगर बोडके झाले, उतारांवर नांगर फिरला, खाणींची माती मोकळी पडली. पावसाने ती सगळी खाली आणली, पात्र उथळ आणि अरुंद होत गेले आणि बंदर निकामी झाले. पुरापासून बचावासाठी पुढे बांध आणि पोलादी दरवाजे उभारावे लागले.

विस्कॉन्सिन विद्यापीठातील भूगोलतज्ज्ञ जेम्स नॉक्स यांनी या खोऱ्यातला गाळ थराथराने तपासला. खाणींच्या काळातल्या थरांत शिसे आणि जस्त जास्त असल्याने कोणता थर केव्हा साचला हे ओळखता येते. वसाहतींनंतर गाळ साचण्याचा वेग आधीच्या कित्येक पटींनी वाढल्याचे त्यातून दिसले.

व्यापार ओसरल्यावर जुनी बांधकामे पाडून नवी उभारायला पैसाच उरला नाही. म्हणून १९व्या शतकातल्या विटांच्या इमारती आजही रांगेने उभ्या आहेत. त्यांत १८५५चे डिसोटो हाऊस हॉटेल आहे आणि १८६५ मध्ये गावकऱ्यांनी यादवी युद्धातले सेनानी जनरल ग्रँट यांना भेट दिलेले घरही. १९६९ पासून जुन्या गॅलेनाची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा म्हणून आहे.

मातीची धूप रोखण्यासाठी याच डोंगराळ पट्ट्यात, विस्कॉन्सिनमधल्या कून व्हॅलीत, १९३३ मध्ये देशातला पहिला पाणलोट मृदसंधारण प्रकल्प सुरू झाला. समपातळीवरची नांगरट आणि उतारांवरची झाडी यांमुळे तिथली धूप खूप घटली. गॅलेनाच्या नदीकाठांतला शिसेमिश्रित गाळ मात्र अजून जागेवर आहे आणि काठ ढासळला की पुन्हा पाण्यात उतरतो. उतारावरची माती वेळीच धरून ठेवणे किती स्वस्त पडते, हे या नदीकडे पाहून उमगते.