रायफलची नळी बदलण्याआधी

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी विहारातील वंदना आटोपल्यावर एक गृहस्थ मला बाजूला घेऊन गेले. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ते माथाडी कामगार आहेत. त्यांची २४ वर्षांची मुलगी कॉलेजात असताना एनसीसीतून नेमबाजीकडे वळली आणि आज ५० मीटर प्रोन प्रकारात स्पर्धा खेळते. तिची रायफल परवान्यावर घेतलेली, पण दुसऱ्या हाताची. खेळ सोडलेल्या एका ज्येष्ठ नेमबाजाकडून ती विकत घेतली आणि त्यासाठी पतपेढीचे कर्ज काढले. त्याचे हप्ते अजून चालू होते. गृहस्थ म्हणाले, "साहेब, पोरीचे गुण पडायला लागलेत. रेंजवरचे लोक म्हणतात नळी गेली, नवी बॅरल परदेशातून मागवा. लाखाच्या वर जाते. हिच्या आईचे दागिने मोडावे म्हणतो. तुम्ही हिशोबातले माणूस, जरा बघा."

मी बी. कॉम. झालेला कारकून. बंदुकीतले मला काय कळणार? पण दागिन्यांचे नाव निघाले की आपल्या घरांत काय होते ते मला ठाऊक आहे. मोडलेले डाग परत घडत नाहीत. म्हणून मी त्या मुलीबरोबर चार रविवार घालवले, जाणत्या नेमबाजांना आणि शस्त्र दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराला विचारले. जे समजले ते इथे मांडतो आहे, कारण पनवेल परिसरात आता हा खेळ खेळणारी आपली मुले वाढत आहेत.

त्यालाही कारण आहे. ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांनी २००६ साली पनवेलमध्ये लक्ष्य शूटिंग क्लब सुरू केला. २००४ साली आशियाई स्पर्धेत त्यांनी १० मीटर एअर रायफलमध्ये ४०० पैकी ४०० गुण घेतले होते. पॅरालिंपिकमध्ये २०२१ ला टोकियोत आणि २०२४ ला पॅरिसमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या अवनी लेखरा यांच्या त्या प्रशिक्षक. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या, त्या वेळी रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक घेतले, तेव्हा खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकचे वैयक्तिक पदक मिळाले. त्यानंतर वस्त्यावस्त्यांतून पालक विचारू लागले.

कोणी म्हणेल, पंचशील घेणाऱ्या माणसाच्या हातात बंदूक कशाला? कागदावरच्या काळ्या ठिपक्याला छिद्र पाडण्याने कोणाचा जीव जात नाही. श्वास सोडून मन स्थिर करायचे आणि मगच बोट दाबायचे, हे आनापान शिकलेल्याला वेगळे सांगायला नको. शिवाय बंदुकीशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. महाडजवळच्या रावढुळचे गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त सैनिक. आपल्या लोकांची लष्करभरती बंद झाली तेव्हा त्यांनी सरकारकडे अर्ज लिहिला. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली ती अशा लढ्यांनंतर. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावच्या रणात कंपनीच्या शिपायांच्या हाती ज्या बंदुका होत्या, त्यांची नळी मात्र आतून गुळगुळीत होती. शंभर पावलांपलीकडे गोळी कुठे जाईल याचा नेम नसे.

आजच्या रायफलची सगळी किमया त्या नळीच्या आतल्या आट्यांत आहे. स्क्रूला असतात तसेच, पण अगदी लांब पिळाचे. .२२ च्या स्पर्धेच्या रायफलीत साधारण १६ इंचांत एक फेरा. गोळी शिशाची, वजन २.६ ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला सुमारे ३२५ मीटर. हिशोब केला तर नळीतून बाहेर पडताना ती सेकंदाला ८०० फेरे घेत असते. भोवरा फिरत असतो तोवर सरळ उभा राहतो, तसेच हे.

आता नेम किती बारीक लागतो ते पाहा. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. गोळीचे छिद्र ५.६ मिलिमीटरचे. छिद्राची कड वर्तुळाला टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे रायफल घट्ट बांधून दहा गोळ्या झाडल्या आणि सगळी छिद्रे मिळून बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत २१.६ मिलिमीटरच्या आत बसली, तर ती रायफल तरी दहाच्या बाहेर जात नाही. पण दशांशाच्या गुणांत एवढ्याने भागत नाही. माणसाच्या हातालाही चूक करायला जागा हवी. म्हणून जाणते लोक १४-१५ मिलिमीटरची अपेक्षा धरतात.

आमच्या मुलीचे गुण ६० गोळ्यांत ६१२ वरून ६०३ वर आले होते. पहिल्या रविवारी मी तिला एकच काम सांगितले, वही घाल. कोणत्या दिवशी, कोणत्या लॉटच्या गोळ्या, किती झाडल्या, हवा कशी, कधी साफसफाई केली. ती हसली. पण वहीने पहिल्याच पानावर एक गोष्ट दाखवली: गुण पडायला लागले त्याच महिन्यात गोळ्यांचा लॉट बदलला होता. डबा त्याच कंपनीचा, रंगही तोच, फक्त लॉट नंबर वेगळा. .२२ ची नळी विशिष्ट लॉटवर खूश असते आणि दुसऱ्यावर रुसते. याचे कारण नळीचे माप आणि गोळीचे माप यांतला केसाएवढा फरक. मोठे खेळाडू परदेशात गोळ्यांच्या कारखान्याच्या चाचणी बोगद्यात आपली रायफल घेऊन जातात आणि पसंत पडलेला लॉटच एकदम विकत घेतात, ते उगाच नाही.

दुसऱ्या रविवारी स्क्रू तपासले. ॲक्शन स्टॉकला धरून ठेवणारे दोन स्क्रू असतात, ते ठरलेल्या जोराने आवळायचे असतात. त्यासाठी मोजमाप दाखवणारा पाना मिळतो. इथे एक स्क्रू बोटाने फिरत होता! मागच्या साइटचा पायाही किंचित हलत होता. ज्यांनी "नळी गेली" म्हटले त्यांच्यापैकी एकानेही हे दोन स्क्रू पाहिले नव्हते. शहाणपण फुकट मिळते, म्हणून ते वाटेल तसे वाटले जाते.

तिसऱ्या रविवारी रायफल रेंजवर बाकाला बांधून चार लॉट झाडले, प्रत्येकी दहा-दहा गोळ्यांचे तीन गट. तीन लॉटचे गट २४ मिलिमीटरच्या वर. चौथ्याचे १७-१८. म्हणजे नळी मेलेली नव्हती, पण ठणठणीतही नव्हती. मग कारागिराने भिंगातून नळीचे तोंड पाहिले. तिथे आट्यांची कड एका बाजूने घासलेली. आधीच्या मालकाने साफसफाईची सळई तोंडाकडून, मार्गदर्शक नळी न लावता, वर्षानुवर्षे घातली असणार. गोळी नळीतून सुटते त्या शेवटच्या क्षणी ती कड सगळ्या बाजूंनी सारखी नसेल, तर मागून येणारा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो.

नळ्या झिजतात कशा हेही समजून घेण्यासारखे आहे. .२२ ची गोळी मऊ शिशाची आणि दारू थोडी, म्हणून चांगली नळी काही दहा हजार गोळ्या सहज झेलते. झीज सुरू होते ती चेंबरच्या पुढच्या तोंडाशी, कारण काडतुसाच्या कडेतल्या ठिणगीच्या मसाल्यात काचेचे बारीक कण असतात. पण आपल्याकडे झिजण्याआधी नळ्या गंजतात. पनवेलचा पावसाळा म्हणजे कपाटातल्या पुस्तकांना बुरशी. अशा हवेत फोमच्या पेटीत ओली रायफल चार महिने ठेवली की आत खड्डे पडलेच समजा. सरावानंतर पुसून, हलके तेल लावून, कोरड्या जागी ठेवायची आणि पुढच्या वेळी तेल पुसूनच गोळी झाडायची. एवढे केले तरी नळीचे आयुष्य पुष्कळ वाढते.

तरीही कधीतरी नवी नळी लागतेच. तेव्हा दोन वाटा असतात. एक, रायफल बनवणाऱ्या कारखान्याची तयार नळी. ती त्याच ॲक्शनसाठी असते, बसवायला सोपी. दुसरी, नुसत्या नळ्या घडवणाऱ्यांकडून घेतलेली, आतून हाताने लॅपिंग केलेली नळी, जिला चेंबर आणि तोंड कारागीर काढून देतो. दुसरीतून अप्रतिम रायफल तयार होते, पण ती कारागिराच्या हातावर अवलंबून. चेंबर किंचित सैल झाला की महागडी नळी फुकट गेली. .२२ चे काम रोज करणारा माणूस हाताशी नसेल तर मी पालकांना पहिली वाट धरायला सांगेन. पीळ १६ इंचांचाच घ्यावा, नवे प्रयोग करू नयेत. आतले माप पूर्ण लांबीभर सारखे, किंवा तोंडाकडे अगदी किंचित आवळत जाणारे असावे. मध्येच सैल झालेले कधीही नको. स्टेनलेस पोलाद आपल्या हवेत जरा बरे, पण तेही गंजतच नाही असे नाही. लांबी व वजन मुलीच्या खांद्याला आणि तोलाला झेपेल असे. पदकविजेत्याची रायफल पाहून घेऊ नये. वापरलेली नळी घ्यायची झाली तर आत कॅमेरा घालून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि घेतल्यावर पुन्हा चार-पाच लॉट झाडून पाहायचे आहेत, त्यांचा खर्च सुरुवातीलाच धरावा. आमच्या गृहस्थांना कोणी हा खर्च सांगितलाच नव्हता.

कायद्याचेही ऐकून ठेवा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे भाग हेही शस्त्रच धरले आहेत. नळी म्हणजे नळाचा पाइप नव्हे. ती मागवायची, बसवायची, दुरुस्त करायची ती परवान्याच्या वाटेनेच. ओळखीच्या लेथवाल्याकडे तर मुळीच नको. आपल्या पोरांवर गुन्हा दाखल व्हायला वेळ लागत नाही.

एअर रायफलवाल्या लहान मुलांच्या पालकांना एवढेच, की छर्‍याच्या नळीला ठिणगी नाही, दारू नाही, ती सहसा झिजत नाही. गुण पडले तर छर्‍याचे माप बदलून पाहा. ४.४९, ४.५० असे डब्यावर लिहिलेले असते. सिलिंडरची मुदत वाचा. नळी बदला म्हणणाऱ्याला आधी चहा पाजून घरी पाठवा.

आमच्या मुलीच्या रायफलचे तोंड परवानाधारक कारागिराने काही मिलिमीटर कापून नव्याने काढून दिले. स्क्रू आवळले, साइट बसवली. चौथ्या रविवारी त्याच चौथ्या लॉटचे गट १५ मिलिमीटरवर आले. उरलेल्या पैशांत क्लबमार्फत त्या लॉटचे मिळतील तेवढे डबे घेतले. दागिने कपाटातच आहेत. नव्या नळीसाठी तिच्या आईने महिला मंडळाच्या भिशीत नाव घातले आहे, दोन वर्षांनी नंबर लागेल. मागच्या आठवड्यात ती वही दाखवायला आली होती. ६११.४. शेवटच्या दहा गोळ्यांत घाई केली म्हणून स्वतःवरच चिडली होती.