घरबसल्या ‘गाडी लागते’ तेव्हा

घाटात एस.टी.च्या खिडकीशी बसून लिंबू हुंगणारा प्रवासी आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. कसारा असो की माळशेज, वळणे सुरू झाली की डब्यात कोणाला ना कोणाला गाडी लागतेच. पण घरात, पंख्याखाली, सोफ्यावर बसून, एक पाऊलही न हलता गाडी लागते असे कोणी सांगितले असते, तर आपल्या आजोबांनी त्याला वेड्यात काढले असते. आमच्या कोलशेत-ढोकाळी भागात मात्र सुट्ट्या लागल्या की अशी मुले दवाखान्यात येतात. “डॉक्टर, बाहेरचं काहीतरी खाल्लं असणार, सकाळपासून मळमळतंय,” असे आई सांगते. पोट तपासावे तर ते मऊ, ताप नाही, जुलाब नाहीत. मग हळूच विचारले की चिरंजीव कबूल करतात, की तीन तास व्हिडिओ गेममध्ये गाडी चालवत होतो, आणि तीही रस्त्यावरून नव्हे, डोंगरदऱ्यांतून!

ही ‘क्रॉस कंट्री’ शर्यत म्हणजे काय आणि तिचा शरीराशी काय संबंध, ते आज पाहू.

रस्ता नसलेली शर्यत

ज्यांची तरुणाई संगणकावर ‘रोड रॅश’ खेळण्यात गेली, त्यांना शर्यतीचे गेम नवे नाहीत. पण त्यात निदान रस्ता तरी होता. क्रॉस कंट्री शर्यतीत रस्ताच नसतो. ‘फोर्झा होरायझन’ या २०१२ साली सुरू झालेल्या मालिकेचा पाचवा भाग २०२१ मध्ये आला. त्यात मेक्सिकोचा मुलूख दाखवला आहे. तिथल्या क्रॉस कंट्री शर्यतीत ठराविक अंतरावर कमानी असतात. एका कमानीतून निघून दुसरीतून जायचे, मधे शेत असो, ओढा असो, दगडी बांध असो की वाळू. लहान झुडूप गाडीखाली मोडते, मोठे झाड मात्र गाडी जागच्या जागी थांबवते. गवताआड खड्डा दडलेला असतो. उंचवट्यावरून गाडी हवेत उडाली आणि तिरकी पडली, की कोलांटी ठरलेली.

म्हणूनच मुलांना ही शर्यत साध्या शर्यतीपेक्षा अवघड जाते आणि तितकीच खुणावते. हाती दणकट गाडी असून भागत नाही. उंचवट्याच्या आधी वेग कमी करायचा, गाडी सरळ रेषेत ठेवायची, एक नजर दूरच्या कमानीवर आणि एक नजर चाकापुढच्या जमिनीवर ठेवायची, असे कसब लागते. महागडे यंत्र घरात नसले तरी अडत नाही. फिनलंडच्या कंपनीने २०१२ साली काढलेला ‘हिल क्लाइम्ब रेसिंग’ हा टेकड्यांवरून जीप चालवण्याचा साधा गेम आपल्याकडे कितीतरी मोबाईलवर आहे. त्यात जीप उलटून चालकाचे डोके आपटले की मान मोडते आणि खेळ संपतो. हे वाक्य पालकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याच्याकडे परत यायचे आहे.

कान म्हणतो बसलोय, डोळा म्हणतो धावतोय

आपला तोल सांभाळण्याचे काम अंतर्कर्णात चालते. तिथे द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. मान फिरली की आतला द्रव मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला डोके किती व कोणत्या दिशेने फिरले ते कळते. शेजारच्या दोन बारीक पिशव्या पुढे-मागे आणि वर-खाली होणारी हालचाल सांगतात. डोळे आणि स्नायूसुद्धा आपापला अहवाल पाठवतात. तिघांचे अहवाल जुळले की मेंदू निश्चिंत असतो.

घाटात आपण पुस्तक वाचत बसलो, तर कान सांगतो ‘हलतोय’ आणि डोळा सांगतो ‘पान तर स्थिर आहे’. गेममध्ये नेमके उलटे होते. डोळ्यांपुढे अख्खी टेकडी वर-खाली होते, पण कानातला द्रव हलतच नाही. अहवाल जुळले नाहीत की मेंदू गोंधळतो. घाम फुटतो, तोंडाला पाणी सुटते, जांभया येतात, डोके जड होते आणि मळमळू लागते. काही शास्त्रज्ञांच्या मते, असा गोंधळ विषबाधेतही होतो, म्हणून मेंदू पोट रिकामे करण्याचा हुकूम सोडतो.

सपाट रस्त्याच्या शर्यतीत क्षितिज बरेचसे स्थिर राहते. डोंगराळ शर्यतीत तेच क्षितिज सतत हेलकावे खाते. त्यामुळे ज्या मुलाला साध्या शर्यतीत काही होत नाही, त्याला इथे त्रास होऊ शकतो.

आणखी एक गंमत. घाटात चालकाला सहसा गाडी लागत नाही, कारण पुढचे वळण कुठे येणार हे त्याला आधीच ठाऊक असते. प्रवासी मात्र बेसावध असतो. गेमचेही तसेच आहे. खेळणारा मुलगा ठणठणीत असतो आणि बाजूला बसून नातवाचे कौतुक पाहणाऱ्या आजींना गरगरते! अशा वेळी आजींचा रक्तदाब जरूर मोजावा, पण आधी त्यांची खुर्ची पडद्यासमोरून हलवावी.

हा विकार नवाही नाही. अमेरिकेत हेलिकॉप्टर चालवायला शिकवणाऱ्या यंत्रात बसलेल्या वैमानिकांना असाच त्रास झाल्याची नोंद १९५७ सालची आहे. विशेष म्हणजे खऱ्या उड्डाणाचा अनुभव असलेल्यांना नवशिक्यांपेक्षा जास्त त्रास होतो असे दिसून आले. कारण उघड आहे. खरी हालचाल कशी जाणवते हे ज्याच्या अंगात मुरले आहे, त्याला खोटी हालचाल अधिक खटकते. तेव्हा वीस वर्षे टेम्पो चालवलेल्या बाबांना मुलाच्या गेमने मळमळले, तर त्यात कमीपणा मानू नये.

हात, डोळे आणि मान

या शर्यतीत एका बोटाने वेगाचा खटका सतत दाबलेला असतो आणि अंगठा क्षणाक्षणाला दिशा बदलत असतो. मोबाईलवर तर सगळा भार दोन अंगठ्यांवर. तासन्‌तास असे केले की अंगठ्याच्या मुळाशी मनगटात जाणाऱ्या स्नायुबंधांचे आवरण सुजते. घरी करून पाहण्याजोगी खूण अशी : अंगठा मुठीत धरा आणि मूठ हळूच करंगळीच्या दिशेने वाकवा. अंगठ्याच्या मुळाशी झणकन कळ आली, तर अंगठ्याला विश्रांती हवी असे समजा.

दुसरी गोष्ट हादऱ्यांची. खडबडीत जमीन आली की खेळाचे यंत्र हातात थरथरते. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००२ साली एका पंधरा वर्षांच्या मुलाची हकिगत छापून आली होती. तो दिवसाला सात-सात तास खेळायचा. गाड्यांचे गेम त्याला विशेष प्रिय आणि हादरे कायम चालू. थंडीत त्याचे हात पांढरे पडत, सुजत आणि दुखत. दगड फोडण्याचे यंत्र चालवणाऱ्या कामगारांना होतो तसला हा विकार शाळकरी मुलाला झाला होता. असे क्वचितच घडते, पण हादरे बंद करायला एक पैसा लागत नाही.

डोळ्यांचे म्हणाल तर पडद्यावर नजर खिळली की आपण पापण्या मिटायचे जवळजवळ विसरतो. डोळे कोरडे होतात, चुरचुरतात, पाणी येते. मान पुढे आणि पाठीला पोक, हे तर आपण रोज पाहतो. रात्री उशिरापर्यंत अटीतटीची शर्यत खेळून अंथरुणावर पडलेल्या मुलाचे मन आणखी तासभर डोंगरातच असते. झोप लांबते आणि सकाळी शाळेत पेंग येते.

झगमगत्या प्रकाशाने काही थोड्या मुलांना आकडी येऊ शकते. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमधील लाल-निळ्या झगमगाटाने सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. ज्या मुलाला पूर्वी आकडी आली आहे, त्याच्या हाती गेम देण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

मागे फिरण्याचे बटण

आता सर्वांत महत्त्वाचे. ‘फोर्झा’सारख्या गेममध्ये एक बटण असते. गाडी झाडावर आपटली की ते दाबायचे. चित्र उलटे फिरते, गाडी झाडापासून मागे सरकते आणि चूक घडण्याआधीची वेळ पुन्हा हाती येते. शिकण्यासाठी सोय उत्तम आहे. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनावर तिचा ठसा काय उमटतो? पडलो तर पडलो, परत उभे राहता येते, असा.

जर्मनीतील मानसशास्त्रज्ञांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, शर्यतीचे गेम खेळल्यानंतर लोक रस्त्यावर धोका पत्करायला अधिक तयार होतात असे आढळले. गेम खेळणारा प्रत्येक मुलगा बेफाम चालवतो असा याचा अर्थ नव्हे. पण पडद्यावर डोंगर चढणाऱ्या मुलाला ‘मला गाडी येते’ असे वाटू लागते, आणि दारात स्कूटरची किल्ली लटकत असते. कोलशेत रोडने खाली उतरले की ढोकाळी, कापूरबावडी, आणि पुढे घोडबंदर रोडवरची अवजड वाहने. पावसाळ्यात खड्डे पाण्याखाली असतात. तिथे मागे फिरण्याचे बटण नाही. कवटीच्या हाडाला आणि मानेच्या मणक्याला दुसरी संधी मिळत नाही.

खऱ्या डोंगरी शर्यतीतली माणसे काय करतात ते मुलांना दाखवावे. आपल्या नाशिकजवळ मोटारींची रॅली होत आली आहे. पुण्याचे संजय टकले २०२५ साली सौदी अरेबियातल्या ‘डाकार क्लासिक’ या वाळवंटी शर्यतीत उतरले. अशा शर्यतीत चालक हेल्मेट घालतो, खांद्यांवरून व कमरेवरून येणाऱ्या पट्ट्यांनी आसनाला जखडून घेतो, मान झटका खाऊ नये म्हणून तिला वेगळा आधार लावतो, आणि वाट सांगायला शेजारी जाणकार सोबती असतो. ज्यांचा तो व्यवसाय आहे, ते शरीराची इतकी काळजी घेतात. मग बिनहेल्मेट, तिघांना मागे-पुढे बसवून स्कूटर हाकणारा आपला नववीतला बाळ कोणत्या भरवशावर?

कायदाही पालकांनी माहीत करून घ्यावा. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

चांगली बाजूही आहे

गेम म्हणजे निव्वळ विष, असे मात्र मी म्हणणार नाही. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी साठ ते पंच्याऐंशी वयाच्या लोकांसाठी एक खास गेम बनवला. वळणांच्या, चढ-उतारांच्या वाटेवर गाडी सांभाळायची आणि त्याच वेळी ठराविक खूण दिसली की बटण दाबायचे. महिनाभरात फक्त बारा तास हा सराव केल्यावर त्यांची एकाच वेळी दोन गोष्टींवर लक्ष ठेवण्याची क्षमता सुधारली, आणि सहा महिन्यांनंतरही तो फायदा टिकून होता. हे संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले. तो गेम दुकानात मिळणारा नव्हता हे खरे. पण त्यातले प्रमाण बघा. महिन्याला बारा तास. आपल्याकडे काही मुले एवढे तास शनिवार-रविवारी संपवतात.

प्रमाण सुटले की खेळाचा विकार होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ला स्थान आहे. खेळावर ताबा न राहणे, अभ्यास-जेवण-मित्र यांच्याआधी गेम येणे आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे, अशी लक्षणे साधारण वर्षभर टिकली तर ते दुखणे समजावे. अशा मुलाला मारून उपयोग नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे.

काय करावे?

१) मळमळ सुरू होताच खेळ थांबवावा. ‘एवढी शर्यत संपवतो’ म्हणू नये. उघड्या हवेत जाऊन दूरच्या स्थिर वस्तूकडे पाहावे. आल्याचा तुकडा चघळल्याने काहींना बरे वाटते.

२) खोलीत दिवा लावावा आणि पडद्यापासून लांब बसावे. भोवतालच्या स्थिर भिंती दिसत राहिल्या की मेंदूचा गोंधळ कमी होतो.

३) अनेक गेममध्ये चित्राचे हादरे आणि धूसरपणा कमी करण्याची सोय असते, ती वापरावी. हातातले हादरेही बंद ठेवावेत.

४) दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावे. अर्ध्या तासाने उठून मान, खांदे व मनगटे मोकळी करावीत.

५) घाटात घेतात ती उलटीची गोळी गेम खेळण्यासाठी मुलांना देऊ नये. तिने सुस्ती येते. शरीर थांब म्हणत असताना त्याचे तोंड बंद करणे योग्य नव्हे.

६) झोपण्यापूर्वी तासभर गेम नको.

७) स्कूटरची किल्ली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये.

८) गेम न खेळताही गरगरत असेल, कानाने कमी ऐकू येत असेल, एक वस्तू दोन दिसत असेल, बोलणे अडखळत असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर गेमला दोष देत बसू नये, लगेच डॉक्टर गाठावा.

आणि एक शेवटची मात्रा. क्रॉस कंट्री हा मुळात पायांनी धावण्याचा खेळ आहे. कोलशेतला २०२४ साली मोठे उद्यान खुले झाले, खाडी जवळ आहे, येऊरचे डोंगर नजरेच्या टप्प्यात आहेत. मुलाला रोज तासभर मातीवर चालू-धावू द्यावे, सुट्टीच्या दिवशी बापानेही सोबत जावे. चढावर धाप लागेल, पोटऱ्या दुखतील, एखाद वेळी गुडघा खरचटेल. त्या वेळी डोळा, कान आणि पाय एकच अहवाल देत असतील, आणि रात्री जेवणानंतर झोप आपोआप येईल.