सोहो

सूर्याच्या अखंड निरीक्षणासाठी यूरोपीय अवकाश संस्था व अमेरिकेची नासा यांनी संयुक्तपणे २ डिसेंबर १९९५ रोजी पाठविलेले अवकाशयान. ‘सोलर अँड हीलिओस्फेरिक ऑब्झर्व्हेटरी’ या नावाचे हे संक्षिप्त रूप होय. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सु. १५ लाख किमी. अंतरावर असलेल्या एल-१ या बिंदूभोवती ते ठेवण्यात आले. तेथून सूर्य पृथ्वीआड कधीच जात नाही.

यानावरील करोनाग्राफ या उपकरणात सूर्यबिंब चकतीने झाकले जाते. त्यामुळे किरीट, म्हणजे सूर्याचे बाह्य विरळ वातावरण, आणि त्यातून बाहेर फेकले जाणारे विद्युत् भारित द्रव्य दिसते. ते पृथ्वीपर्यंत येण्यास बहुधा एक ते तीन दिवस लागत असल्याने भूचुंबकीय वादळाची पूर्वसूचना देता येते. अशा वादळाने मार्च १९८९ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा सु. ९ तास खंडित झाला होता.

वादळाची तीव्रता मात्र द्रव्यातील चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवरही अवलंबून असते. ती करोनाग्राफमधून कळत नाही व सोहोवर चुंबकत्वमापक नाही. नासाचे एस (१९९७) व भारताचे आदित्य-एल१ (२०२३) ही याने या उपकरणासह एल-१ कडे पाठविण्यात आली. परंतु वेगवान द्रव्य तेथून पृथ्वीवर तासाभराच्या आतच पोहोचते.