भंडाऱ्याच्या पाळींवरून



नागपुराहून भंडाऱ्यास सायकलनें जाण्याचा बेत घरांत कोणी बोलून दाखविला, कीं वडील मंडळी प्रथम एकच प्रश्न विचारतात, "मोठ्या रस्त्यानें जाणार काय?" ही काळजी अस्थानीं नाहीं. मुंबईकडून कोलकात्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग भंडारा, लाखनी, साकोली या गांवांवरून जातो, आणि त्यावरील मालमोटारींच्या रांगेंत दोन चाकांच्या हलक्या वाहनास जागाही मिळत नाहीं आणि क्षमाही मिळत नाहीं. परंतु याच जिल्ह्यांत दुसऱ्या प्रकारच्या वाटाही आहेत. तेथें मोटारीचा भोंगा क्वचितच ऐकूं येतो, चाकाखालीं डांबराऐवजीं मुरूम असतो, आणि एका हातास पाणी व दुसऱ्या हातास धानाच्या बांध्या अशी जोडी दूरवर साथ देते. त्या वाटा कशा झाल्या, त्यांवरून कसें जावें, आणि जातांना कशाचें भान ठेवावें, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

अशा वाटांचा शौक फ्रान्स देशांत फार वाढला आहे. तेथें त्यांस 'हिरव्या वाटा' म्हणतात. बर्गंडी प्रांतांत जिव्री आणि क्लूनी या गांवांच्या दरम्यान एक लोहमार्ग बंद पडला होता. त्याच्याच भरावावर १९९७ सालीं अशी पहिली वाट खुली झाली. पुढें २००४ सालीं त्या देशाच्या रहदारीच्या नियमांत 'हिरवी वाट' ही स्वतंत्र संज्ञा आली, आणि मोटारगाड्यांस तेथें मज्जाव झाला. दुसरा प्रकार कालव्यांच्या कांठांचा. पिएर-पॉल रिके याच्या योजनेनें सिद्ध झालेला आणि १६८१ सालीं नौकांस खुला झालेला मिदी कालवा सुमारे २४० किलोमीटर लांब आहे. नावा ओढणाऱ्या घोड्यांकरितां त्याच्या कांठानें जी वाट राखलेली होती, तिजवरून आज सायकली धावतात.

या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. वाट सायकलीसाठीं बांधलेली नव्हती. ती कामासाठीं बांधलेली होती. काम सरलें आणि वाट विरंगुळ्यास मिळाली. भंडाऱ्याची गोष्ट येथेंच निराळी होते. आपल्या वाटांचें काम अजून सरलेलें नाहीं.

भंडारा हा तळ्यांचा जिल्हा. गोंड राजांच्या आश्रयानें कोहळी समाजाच्या लोकांनीं या प्रदेशांत शेंकडों तलाव बांधले, आणि त्यांच्या पाण्यावर धान व ऊंस पिकविला. रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली. पावसाचें पाणी ज्या खोलगट जागेंतून वाहतें, तेथें दोन उंचवट्यांच्या मध्यें मातीचा भराव घातला, म्हणजे झाली पाळ. तलाव भरल्यावर जास्तीचें पाणी सांडव्यावरून निघतें, आणि पुष्कळ ठिकाणीं तें खालच्या अंगाच्या दुसऱ्या तलावांत जाऊन पडतें. एका पाळीखालीं बांध्या, त्यांच्या पलीकडे दुसरी पाळ, अशी ही उतरंड असते. पूर्व विदर्भांत असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव मोजले गेले आहेत. पाळ ही भोंवतालच्या शेतांहून उंच आणि कोरडी असल्यामुळें गांवकऱ्यांची पायवाट आपोआप तिजवरूनच पडली. एका पाळीवरून उतरून पांदणीनें, म्हणजे शेतांमधील गाडीवाटेनें, पुढच्या पाळीवर चढावें, असें करीत गेल्यास सायकलस्वारास मोठा रस्ता फारसा लागत नाहीं.

मालगुजारीच्या काळांत या तलावांची निगा राखण्याचें काम गांवच्या व्यवस्थेचाच भाग होतें. १९५१ सालीं मालगुजारी कायद्यानें संपली, आणि तलाव सरकारच्या ताब्यांत गेले. भंडारा तेव्हां मध्यप्रदेश राज्यांत होता. आज लोक त्यांस कौतुकानें 'मामा तलाव' म्हणतात. हा मामा म्हणजे 'माजी मालगुजारी' या शब्दांचा संक्षेप. नांव मायेचें असलें, तरी पुष्कळ तलावांच्या वांट्यास माया आली नाहीं. गाळ सांचत गेला, पाळींवर झुडपें माजलीं, आणि जेथें बैलगाडीही जपून नेत असत, तेथें ट्रॅक्टर जाऊं लागले.

यानें बिघडतें तें काय? पाळीचा माथा मध्यें किंचित फुगीर ठेवलेला असतो, त्यामुळें पावसाचें पाणी दोन्ही अंगांस ओघळून जातें. जड चाकानें ओल्या मातींत चाकोरी पाडली, कीं पाणी तींत थांबतें. थांबलेलें पाणी मुरतें, मुरलेल्या जागीं माती खचते, आणि पाळ तेवढीच बुटकी होते. भरलेला तलाव नेहमीं सर्वांत खालची जागा शोधीत असतो. पाणी सांडव्याऐवजीं त्या खचलेल्या जागेवरून ओसंडूं लागलें, म्हणजे मातीची पाळ धुपून फुटण्यास फार वेळ लागत नाहीं. मग खालच्या बांध्यांत रेती पसरते, ढिवरांची मासोळी वाहून जाते, आणि धान पोटरींत असतां शेवटच्या पाण्याची निकड लागते, नेमका तेव्हां तलाव कोरडा असतो. एका चाकोरीचें हें फळ आहे. सायकलीचा भार त्या मानानें नगण्य. परंतु ओल्या पाळीवर सायकलीची चाकोरीही नकोच.

दुसरी वाट नहरांची. पवनी तालुक्यांत वैनगंगेवर गोसीखुर्दचें ३३ दरवाज्यांचें मोठें धरण आहे. त्याची कोनशिला १९८८ सालीं बसविली गेली. त्याचा उजवा कालवा सुमारे ९९ किलोमीटर लांब असून तो पुढें चंद्रपूर जिल्ह्यांत जातो. डावा सुमारे २३ किलोमीटरांचा आहे. अशा कालव्यांच्या कांठानें तपासणीसाठीं मुरमाचा रस्ता ठेवतात. चढउतार जवळजवळ नाहीं, कारण पाण्यालाच तो नको असतो. परंतु हा रस्ता जलसंपदा खात्याचा आहे, सार्वजनिक नव्हे. तेथें विचारूनच जावें. शिवाय अस्तर लावलेल्या नहराच्या बाजू उतरत्या आणि निसरड्या असतात. आंत पडलेल्या चांगल्या पोहणाऱ्यासही वर येणें कठीण जातें. मुलें बरोबर असल्यास त्यांना पाण्याच्या बाजूनें चालवूं नये.

आतां मुरमाविषयीं. मुरूम म्हणजे झिजलेल्या खडकाची बारीक खडी आणि तांबूस माती. पाणी शिंपडून दाबला, म्हणजे तो घट्ट बसतो. सुटा झाला, म्हणजे दाण्यांसारखा चाकाखालून निसटतो. म्हणून वळण येण्यापूर्वींच वेग कमी करावा. वळणांत पुढचा ब्रेक दाबूं नये. टायर रुंद असावा, ३५ ते ४५ मिलिमीटरांचा, आणि त्यांत हवा डांबरी रस्त्यापेक्षां थोडी कमी भरावी. असा टायर खड्यांवर आदळत नाहीं, त्यांना कवेंत घेऊन जातो. कन्हार नांवाच्या काळ्या जमिनींतून पांदण जात असेल, तर पावसानंतर तिकडे फिरकूंच नये. ती माती चाक आणि चिमटा यांच्यामध्यें बसून सायकल जागींच उभी करते. धान कापून झाल्यावर, कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. पंक्चरचें सामान, एक जादा ट्यूब आणि पिण्याचें पाणी जवळ असावें, कारण पाळीवर दुकान नसतें. गुरें समोरून आलीं, तर खालीं उतरून कडेला उभें राहावें. वाट त्यांची आधीची आहे.

शेवटीं एक विनंती. पाळीवरून जाणाऱ्या माणसाची नजर तळ्याकडे, कमळांकडे, पांखरांकडे जाते, आणि तीं पाहण्यासारखींच असतात. परंतु थोडी नजर पायाखालींही असूं द्यावी. माथ्यावर नवी चाकोरी पडली आहे काय? उंदरांनीं किंवा खेकड्यांनीं बिळें केलीं आहेत काय? पाळीच्या कोरड्या अंगास, पायथ्याशीं, ओल झिरपते काय? असें कांहीं दिसलें, तर पुढच्या गांवीं ग्रामपंचायतींत जाऊन जागेची खूण सांगावी. त्यास पांच मिनिटें लागतात. फ्रान्समधील प्रवासी सरलेल्या कामाच्या वाटेवरून जातो. आपण चालू असलेल्या कामाच्या वाटेवरून जातों. तेव्हां आपणही त्या कामांतले थोडे वांटेकरी व्हावें, हें उचित होय. पाळ राहिली तर तलाव राहील, आणि तलाव राहिला तरच ही वाट राहील.