बेटावरील घराचें मोल

घरांच्या किमती ठरविणारा माझा एक जुना विद्यार्थी जर्सी बेटावर नोकरीस निघाला आहे. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचें, पण ब्रिटिश राजसत्तेखालील हें बेट जेमतेम १२० चौरस किलोमीटरांचें. तो म्हणाला, "गुरुजी, भिंती मोजावयाच्या, बेटावर काय आणि पुण्यांत काय!"

परंतु तेथें भिंतींआधीं माणसें पाहावीं लागतात. जागा थोडी, म्हणून २०१२ च्या कायद्यानें बहुतेक घरें घेण्याचा हक्क सामान्यतः दहा वर्षें सलग राहिलेल्यांस दिला आहे. आवश्यक कामासाठीं परवान्यावर आणलेल्या नोकरदारांस मात्र सवलत आहे. तेव्हां घर कोणास घेतां येईल, हें न पाहतां केलेलें मोल चुकणारच. आणि त्या चुकीवर एखादें कुटुंब कर्ज काढून बसतें. जमिनीसह घराची खरेदी तेथें शुक्रवारीं राजन्यायालयापुढें उभयपक्षांच्या शपथेनें पुरी होते.

शिवाय त्याचा स्वतःचा परवाना नोकरीशीं बांधलेला! दहा वर्षें भरण्यापूर्वीं नोकरी सुटली, तर घराचा हक्कही सहसा सुटतो. म्हणून मी त्यास म्हणालों, "बाबा, दुसऱ्यांच्या घरांचें मोल करण्यापूर्वीं तेथें आपला पाय कशावर टेकला आहे, तें ओळख."