गिल्डच्या तिजोरीची किल्ली कोणाकडे?

"आई, आत्ता नाही गं उठता येत, वीस जण माझ्यासाठी खोळंबलेत!" इकडे पानं वाढून तयार आणि आतल्या खोलीतून हे उत्तर. हल्ली बऱ्याच घरांतून ते ऐकू येतं. हे वीस जण कोण, कुठले, आणि आपल्याच चिरंजीवांसाठी ते का खोळंबावेत? विचारावं तर "तुला नाही कळायचं" हे ठरलेलं! पण मैत्रिणींनो, जिने भिशी, महिला मंडळ किंवा सोसायटीची कमिटी चालवली आहे, तिला न कळण्यासारखं यात काही नाही. आमच्या पुतण्याला समोर बसवून मी सगळं नीट समजावून घेतलं, आणि वाटलं, अगंबाई, हे तर आपलंच मंडळ!

इंटरनेटवर हजारो माणसं एकाच वेळी जे भूमिकांचे खेळ खेळतात, त्यात प्रत्येकाने एक सोंग घेतलेलं असतं. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, तर कुणी जखमा बऱ्या करणारा वैद्य. मोठा राक्षस मारणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. म्हणून खेळाडू मंडळं काढतात, त्यांना 'गिल्ड' म्हणतात. २००४ साली अमेरिकेत निघालेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळात सुरुवातीला मोठ्या मोहिमेला चाळीस माणसं लागत. पुढे सर्वांत अवघड मोहिमेसाठी वीस हा आकडा ठरला. त्यातला वैद्य मध्येच उठला, तर बाकीच्यांचं काही खरं नाही!

पदं आणि अधिकार

गिल्ड काढायची तर आधी एक सनद घेऊन तिच्यावर इतर खेळाडूंच्या सह्या मिळवाव्या लागत. सुरुवातीला नऊ जणांच्या लागत, पुढे ती संख्या कमी झाली. ज्याने सनद काढली तो 'गिल्ड मास्टर', म्हणजे आपला अध्यक्ष. त्याच्या हाताखाली ऑफिसर, मग जुने सभासद, मग नवखे. अशा दहापर्यंत पायऱ्या करता येतात. नवा सभासद कोणी घ्यायचा, कोणाला काढायचं, तिजोरीतून कोणत्या पायरीच्या माणसाने दिवसाला किती उचलायचं, हे सगळं अध्यक्ष ठरवतो.

गंमत अशी, की या खेळात अध्यक्षाच्या निवडणुकीची सोयच नाही. तो आपणहून पद दुसऱ्याला देऊ शकतो, किंवा बराच काळ फिरकलाच नाही तर वरच्या पायरीवरचा सभासद ते मागून घेऊ शकतो. तरीही कितीतरी गिल्ड आपापसांत मतं घेऊन ऑफिसर नेमतात. पण मतं कशीही पडोत, किल्ली अध्यक्षाच्याच कमरेला! त्याचा कारभार पटला नाही तर सभासदांना एकच वाट, ऊठ आणि दुसरी गिल्ड गाठ. लोक जातातही. एकाच आठवड्यात दहा जण गेले की मोहीम बंद पडते. अध्यक्षाला धाक असतो तो याचाच.

वाटणीचं काय?

भांडणं मात्र पदावरून कमी आणि वाटणीवरून जास्त होतात. चाळीस जणांनी चार तास झुंजून राक्षस मारावा आणि हाती लागाव्यात दोन-तीन वस्तू! द्यायच्या कुणाला? 'एव्हरक्वेस्ट' हा खेळ १९९९ साली निघाला, तेव्हाच एका गिल्डने यावर हिशेबी तोडगा काढला. मोहिमेला हजर राहिलं की गुण जमा, वस्तू घेतली की गुण वजा. भिशीच्या वहीसारखी ही वही सर्वांना उघडी. दुसरी पद्धत म्हणजे ऑफिसरांनी बसून ठरवायचं. ते बरोबर ठरवतीलही, पण अध्यक्षाच्या मित्रालाच तलवार मिळाली की कुजबुज सुरू झालीच म्हणून समजा.

एका हातातली किल्ली

आइसलँडच्या 'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळातल्या खेळात तर याहून मोठं राजकारण चालतं. तिथल्या मंडळांना 'कॉर्पोरेशन' म्हणतात. त्यांचे चक्क शेअर असतात आणि भागधारकांच्या मतांनी प्रमुख बदलता येतो. अनेक कॉर्पोरेशन मिळून एक महासंघ होतो. 'बँड ऑफ ब्रदर्स' हा त्यातला अतिशय बलाढ्य महासंघ. फेब्रुवारी २००९ मध्ये त्यांचा एक संचालक 'गूनस्वार्म' या शत्रूला फितूर झाला. त्याच्या हाती पुरते अधिकार होते. त्याने महासंघच विसर्जित करून टाकला! लढाई नाही, काही नाही. वर शत्रूने ते नावही आपल्याकडे नोंदवून घेतलं. पण पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, खुद्द गूनस्वार्मच्या प्रमुखाने आपल्याच संघाची मालमत्ता लांबवून तो मोडला. दोन्हीकडे चूक एकच, सगळं काही एका माणसाच्या हाती.

याच खेळाच्या कंपनीवर २००७ साली नामुष्की आली होती. तिच्याच एका कर्मचाऱ्याने बँड ऑफ ब्रदर्समधल्या मंडळींना गैरमार्गाने फायदा करून दिल्याचं उघड झालं. त्यानंतर, २००८ पासून, खेळाडूंनी निवडलेली एक परिषद कंपनीपुढे गाऱ्हाणी मांडू लागली. निवडून आलेल्यांना थेट आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकला, बैठकीसाठी बोलावण्यात येतं. २०१३ पासून तिथे पसंतीक्रम लिहून मतदान होऊ लागलं, आपल्या राज्यसभेच्या निवडणुकीत असतं त्याच धर्तीचं. त्यामुळे लहान गटांचाही एखादा माणूस निवडून येऊ शकतो.

न दिसणारं काम

ऑफिसर होणं म्हणजे मिरवणं नव्हे. हजेरी लावा, रुसलेल्याची समजूत घाला, नवख्याला शिकवा, ऐनवेळी कुणी आलं नाही तर बदली शोधा. पगार शून्य! घर सांभाळणारीला हे वेगळं सांगायला नको. कितीतरी अध्यक्ष कंटाळून पद सोडतात, ते याच ओझ्यापायी. मुलींना आणखी एक जाच असतो. माइकवर बाईचा आवाज ऐकू आला की टोमणे सुरू होतात, म्हणून कितीकजणी बोलतच नाहीत. तुमची लेक खेळत असेल तर हे तिला जरूर विचारा.

मुलगा "वीस जण खोळंबलेत" म्हणतो ते खोटं नसतं. पण म्हणून अभ्यास आणि झोप वाऱ्यावर सोडायची असंही नाही. मोहिमांचे वार आणि वेळा बहुधा आधीच ठरलेल्या असतात. त्या विचारून कॅलेंडरवर लिहा. आठवड्यातले कोणते दिवस चालतील आणि किती वाजता उठायचं, हे आधीच ठरवून घ्या. तो ऑफिसर असेल तर वाटणी कशी करतोस, तक्रार आली तर काय करतोस, हेही विचारा. आणि एक गोष्ट निक्षून सांगा, पासवर्ड आणि घरचे खरे पैसे गिल्डच्या कुठल्याही दादा-ताईच्या हाती द्यायचे नाहीत.

आपल्या मंडळासाठीही यात शिकण्यासारखं आहे. बँकेचं खातं दोघींच्या सहीचं ठेवा, हिशेबाची वही सगळ्यांना उघडी ठेवा, आणि चिटणीसबाई दमायच्या आत त्यांच्या हाताखाली दुसरी तयार करा. निवडणूक वर्षातून एकदाच होते, मंडळाचा कारभार मात्र रोज चालवावा लागतो.