केफिर आंबलं, पण दाणे वाढले का?

सोया दुधात केफिरचे दाणे टाकले आणि 24 तासांत ते आंबट, घट्ट झालं. मग प्रयोग यशस्वी? जरा थांबा.

केफिरचे दाणे विरजणाचंच काम करतात. दिसतात मात्र फ्लॉवरच्या तुऱ्यांसारखे. लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू आणि यीस्ट त्यात केफिरान नावाच्या बहुशर्करेने एकत्र बांधलेले असतात. कॉकेशसमध्ये ही वसाहत जनावरांच्या दुधावर पोसली गेली. गाईच्या दुधात साधारण 4.5 ते 5 टक्के लॅक्टोज असतं. सोया दुधात ते नसतंच. तिथे सुक्रोज, रॅफिनोज अशा शर्करा मिळतात. त्यांच्यापासूनही आम्ल बनतं, सामू उतरतो आणि सोयाची प्रथिनं साकळतात. दाण्यांची वाढ मात्र सहसा मंदावते किंवा थांबते.

म्हणजे 'आंबलं का?' आणि 'दाणे वाढले का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

मग मांडणी कशी करायची? तीन बरण्या घ्या: दाण्यांसह सोया दूध, दाण्यांशिवाय सोया दूध (हे प्यायचं नाही) आणि दाण्यांसह गाईचं दूध. दुसरी बरणीही आंबली, तर पहिलीचं श्रेय दाण्यांना देता येणार नाही. दाणे आधी उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा, नाहीतर जुनं लॅक्टोज सोबत येईल. तापमान सारखं ठेवा. रोज दूध बदला, दाणे निथळून वजन करा, सामू नोंदवा. असं निदान आठवडाभर चालू द्या. पहिल्या फेरीत दाणे जुन्या शिदोरीवरही तग धरतात.

निष्कर्ष लिहिण्याआधी एवढंच बघा: आपण नेमकं काय मोजलं?